खाटेजवळचा डॉक्टर : महाराष्ट्रातील अवयवदान यंत्रणेची जडणघडण आणि कोल्हापूर

पुणे-बंगळूर महामार्गावर अपघात होऊन डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण कोल्हापुरातल्या अतिदक्षता विभागांना नवा नाही. कधी तो दुचाकीवरून पडलेला पंचविशीतला मुलगा असतो, तर कधी स्वयंपाक करता करता मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळलेली बाई. त्यांतले कित्येक जण डॉक्टरांच्या कष्टाने घरी परततात. काहींच्या बाबतीत मात्र अशी वेळ येते की व्हेंटिलेटरच्या जोरावर छाती वरखाली होत असते, मॉनिटरवर हृदयाचे ठोके उमटत असतात, हाताला ऊब असते, आणि तरीही मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते. बाहेर बाकड्यांवर भावकी आणि पाहुणे ताटकळत बसलेले असतात. ‘छाती हलतीया की अजून, डॉक्टर,’ असे कुणीतरी म्हणतेच.

त्या घटकेला खाटेजवळचा डॉक्टर कोणत्या तपासण्या लावतो, कोणाला फोन करतो आणि बाहेर येऊन काय बोलतो, यावर महाराष्ट्रातील मरणोत्तर अवयवदानाची सगळी यंत्रणा उभी आहे. या यंत्रणेचा इतिहास बहुधा प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनच्या बाजूने सांगितला जातो. इथे तो दात्याच्या खाटेच्या बाजूने मांडला आहे, कारण कोल्हापूरसारख्या शहराचा वाटा त्याच बाजूला मोठा आहे.

परळच्या केईएम रुग्णालयात १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. केपटाउनला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले, त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. हे धाडस करणारे सेन हे जगातले चौथे सर्जन. केईएम आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२० च्या दशकात उभे राहिले, ते तिथले अध्यापक भारतीयच असावेत या देणगीच्या अटीवर. चाळीस वर्षांनी त्या अटीचे चीज झाले. डॉ. जी. बी. परुळकर यांच्यासारखे सहकारी सोबत होते आणि प्राण्यांवर प्रयोग करून हात बसवलेला होता. रुग्ण मात्र काही तासांतच दगावला. त्याच वर्षी झालेला दुसरा प्रयत्नही टिकला नाही.

त्यानंतर मुंबईत यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. मधली ४७ वर्षे मुंबईत कुशल हृदयसर्जन नव्हते असे कोण म्हणेल? काही वर्षे औषधांच्या अभावी गेली, हे खरे. परका अवयव शरीराने नाकारू नये यासाठीचे सायक्लोस्पोरिन १९८० च्या दशकात हाती आले. पण त्यानंतरची वर्षे गेली ती दात्याच्या बाजूला काहीच उभे नव्हते म्हणून. हृदय चालू असलेल्या माणसाला मृत कोणी, कशाच्या आधारे म्हणायचे? त्याच्या घरच्यांशी कोणी बोलायचे? मिळालेला अवयव कोणाला द्यायचा, हे ठरवायचे कोणी? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियागृहात मिळणारे नव्हते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९६८ च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत छापून आले. हार्वर्डच्या समितीने मेंदूचे कार्य कायमचे थांबणे म्हणजे मृत्यू, हे निकषांसह मांडले. समितीचे अध्यक्ष हेन्री बीचर हे भूलतज्ज्ञ होते आणि त्यात योगायोग फारसा नाही. व्हेंटिलेटर आल्यावरच ही अवस्था माणसाच्या वाट्याला आली आणि त्या यंत्राशेजारी रात्र काढणारा डॉक्टर तिला सर्वांत आधी भेटला. पुढे ब्रिटनने मेंदूच्या खोडावर, म्हणजे ब्रेनस्टेमवर, आधारलेले निकष ठरवले. भारतीय कायद्याने तीच वाट धरली.

भारतात दरम्यान उलटीच गंगा वाहत होती. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत नातेवाइकाची किडनी बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि ती वाट रुळली. पाठोपाठ १९८० च्या दशकात किडनीचा बाजार आला. मुंबई आणि चेन्नईत गरिबांच्या किडन्या विकत घेतल्या जात होत्या आणि परदेशी रुग्ण त्यासाठी येत होते. देशाची मान खाली घालायला लावणारा हा प्रकार होता. डॉ. एल. एम. सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली १९९१ मध्ये समिती नेमली गेली. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यामुळे संसदेला कायदा करता आला. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा जुलै १९९४ मध्ये मंजूर झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्याच्या मंजुरीला महिना होण्याच्या आतच, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. २०२३ पासून राष्ट्रीय अवयवदान दिन त्याच तारखेला पाळला जातो.

कायद्याने एका हाताने विक्री गुन्हा ठरवली आणि दुसऱ्या हाताने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. पहिल्या भागाची चर्चा खूप झाली. दुसरा भाग मात्र वर्षानुवर्षे कागदावरच राहिला, कारण तो अमलात आणायचा तर रुग्णालयातल्या कोणीतरी आपणहून पुढे व्हायला हवे होते.

मुंबईत ते पाऊल महापालिकेच्या शीव रुग्णालयाने, म्हणजे लोकमान्य टिळक रुग्णालयाने उचलले. मूत्रविकार विभागाच्या प्रमुख डॉ. वत्सला त्रिवेदी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये तिथे मरणोत्तर दानातून मिळालेल्या किडनीचे प्रत्यारोपण झाले. धारावीच्या सीमेवरचे, अपघाती रुग्णांनी सदैव भरलेले, गोरगरिबांचे हे रुग्णालय. अशा ठिकाणी डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर बसून दानाची विनंती करावी आणि त्यांनी ती मान्य करावी, यात या कार्यक्रमाचे पुढचे सगळे बळ दडलेले होते. हे सुशिक्षितांचे, श्रीमंतांचे काम आहे, हा समज तिथेच खोटा ठरला.

शीवच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली होती. दाता एका रुग्णालयात असतो आणि घेणारा दुसऱ्या. वाटप एका रुग्णालयाच्या मर्जीवर सोडले तर संशय येणार, आणि या कामात संशयाइतके घातक काही नाही. म्हणून शासनाच्या मान्यतेने २००० च्या सुमारास झोनल ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेशन सेंटर, म्हणजे झेडटीसीसी, ही ना-नफा संस्था मुंबईत स्थापन झाली. तिचे कार्यालय शीव रुग्णालयाच्याच आवारात होते. निरनिराळ्या रुग्णालयांतले, एरवी एकमेकांशी व्यावसायिक स्पर्धेत असलेले डॉक्टर तिथे एका टेबलाभोवती बसले आणि त्यांनी एकच प्रतीक्षायादी मान्य केली. कोणाचा रुग्ण आधी, हे रक्तगट, प्रतीक्षेचा काळ आणि प्रकृतीची निकड यांवरून ठरणार. डॉक्टरच्या वजनावरून नाही. स्वतःच्या रुग्णासाठी भांडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा माणसांनी हे बंधन आपणहून स्वीकारले, हा या संस्थेच्या इतिहासातला मोठा त्याग आहे. त्याची नोंद कुठल्याही पाटीवर नाही.

मुंबईनंतर पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) अशी विभागीय केंद्रे झाली. कोल्हापूर जिल्हा पुणे केंद्राच्या कक्षेत येतो, तसेच सांगली, सातारा आणि सोलापूरही. पुणे केंद्राच्या समन्वयक म्हणून आरती गोखले यांनी अनेक वर्षे काम पाहिले. दात्याची खबर आली की आकाराला येणारी फोनाफोनी, यादी, वाहतूक आणि कागदपत्रे ही समन्वयकाची बाजू असते. पण ती खबर देणारा फोन डॉक्टरने केला तरच ही सगळी माणसे जागची हलतात.

तो फोन करण्याआधी डॉक्टरला काय काय पार पाडावे लागते, हे सविस्तर सांगायला हवे, कारण लोकांच्या मनातल्या शंकांचे उत्तर त्यातच आहे.

मेंदूला इजा कशामुळे झाली, हे निश्चित माहीत असावे लागते. झोपेच्या औषधांचा, विषाचा, थंडीने उतरलेल्या तापमानाचा किंवा रक्तातल्या क्षारांच्या बिघाडाचा हा परिणाम नाही, याची खात्री करावी लागते. मग खोडाच्या तपासण्या. डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला तर बाहुल्या आकसतात का? बुबुळाला कापसाचा स्पर्श झाला तर पापणी मिटते का? कानात बर्फाचे पाणी सोडले तर डोळे हलतात का? घशात नळी फिरवली तर उबळ किंवा खोकला येतो का? शेवटी ॲप्निया टेस्ट. भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. त्याचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या वर गेला तरी एकही श्वास स्वतःहून घेतला गेला नाही, तर श्वासाचे केंद्र मेलेले आहे. हे सगळे किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा करायचे.

सह्या चार डॉक्टरांच्या लागतात : रुग्णालयाचा प्रमुख, शासनाने मान्य केलेल्या यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारा डॉक्टर. यांतला कोणीही प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला असता कामा नये. न्यूरोसर्जन न मिळाल्यास भूलतज्ज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ, सर्जन किंवा फिजिशियन यांना ते काम देता येईल, अशी सोय २०११ च्या दुरुस्तीने केली. जिल्ह्याच्या ठिकाणी या एका ओळीचे मोल फार आहे.

आणि एवढे करूनही काम अर्धेच झालेले असते. मेंदूचे खोड गेले की शरीराचा तोल भराभर ढासळतो. रक्तदाब कोसळतो, अंग गार पडत जाते. मेंदूतल्या संप्रेरकाचा पुरवठा थांबल्याने लघवी पाण्यासारखी वाहू लागते आणि रक्तातले सोडियम चढते. नातेवाइकांनी होकार दिल्यापासून अवयव काढेपर्यंतचे दहा-पंधरा तास अतिदक्षता विभागातला निवासी डॉक्टर आणि परिचारिका सलाइन, व्हासोप्रेसिन, गरम पांघरुणे आणि तासातासाच्या रक्तचाचण्या यांच्यासह अक्षरशः झुंजत असतात. ज्याला आपण वाचवू शकलो नाही त्याच्या मूत्रपिंडांसाठी, यकृतासाठी ती झुंज असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हृदय नेणाऱ्या रुग्णवाहिकेचा फोटो येतो. या रात्रीचा येत नाही.

महाराष्ट्रात या बाजूला खरी कलाटणी २०१२ मध्ये मिळाली. तोपर्यंत प्रत्यारोपणाचा परवाना असलेल्या मोजक्या रुग्णालयांपुरताच हा विषय होता. शासनाने त्या वर्षी निर्णय काढून अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह असलेल्या इतर रुग्णालयांनाही अवयव काढण्याचे केंद्र म्हणून मान्यता देण्याचा मार्ग खुला केला, आणि मेंदूमृत्यू ओळखून त्याची माहिती विभागीय केंद्राला कळवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. प्रत्यारोपण जिथे होत नाही तिथेही दान होऊ शकते, हे त्या कागदाने मान्य केले. कोल्हापूर, सांगली, लातूर, नांदेड या शहरांसाठी दार उघडले ते इथे.

दार उघडल्यावर आत कोण आले, हे मात्र गावागावांवर अवलंबून राहिले. नागपूरचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. विभावरी दाणी आणि रक्तदान-नेत्रदानाच्या चळवळीत वर्षानुवर्षे असलेले डॉ. रवी वानखेडे यांनी विदर्भाच्या विभागीय केंद्राचे काम अंगावर घेतले. शहरात प्रत्यारोपणाची सोय तुटपुंजी असतानाच त्यांनी खासगी रुग्णालयांचे अतिदक्षता विभाग जोडून घ्यायला सुरुवात केली. आधी दाते, मग प्रत्यारोपण केंद्रे, असा तिथला क्रम राहिला. औरंगाबादेत २०१६ च्या जानेवारीत एका तरुणाच्या घरच्यांनी दानाला होकार दिला आणि त्याचे हृदय विमानाने मुंबईला गेले. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे उभी होती.

त्याआधी, ३ ऑगस्ट २०१५ रोजी, पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून निघालेले हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी एका तरुणाच्या छातीत बसवले. डॉ. सेन यांच्यानंतर ४७ वर्षांनी मुंबईने ते पाहिले. या वेळी औषधे होती, कायदा होता, दोन शहरांची समन्वय केंद्रे होती, वाहतूक पोलीस होते. आणि पुण्यात, दात्याच्या खाटेजवळ, सह्या करणारे डॉक्टर होते.

पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका बड्या रुग्णालयात किडनी विक्रीचे प्रकरण उघडकीस आले आणि डॉक्टरांना अटक झाली. राज्यभर या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या मनात भीती बसली. जिवंत दात्याकडून होणाऱ्या गैरप्रकाराचा मरणोत्तर दानाशी काही संबंध नव्हता, पण ‘यात पडायलाच नको’ असे म्हणणाऱ्यांना कारण मिळाले. त्याच काळात राज्य शासनाने महाअवयवदान अभियान हाती घेतले आणि वैद्यकीय शिक्षण विभागात डॉ. तात्याराव लहाने यांनी ते लावून धरले. फेऱ्या निघाल्या, लाखो लोकांनी संकल्पपत्रे भरली. संकल्पपत्राने घराघरांत बोलणे सुरू होते, हा त्याचा मोठा उपयोग. मात्र प्रत्यक्ष प्रसंगी निर्णय जवळच्या नातेवाइकांचाच राहतो, आणि त्यांना विचारणारा डॉक्टरच नसेल तर संकल्पपत्र कपाटातच राहते.

स्पेनने ही गोष्ट सर्वांआधी ओळखली. १९८९ मध्ये डॉ. राफाएल मातेसान्स या मूत्रपिंडतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली तिथली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना सुरू झाली, तेव्हा दर दहा लाख लोकसंख्येमागे मरणोत्तर दाते १४ च्या आसपास होते. २०२३ मध्ये हे प्रमाण ४८ च्याही वर गेले होते. मातेसान्स यांनी जाहिरातींवर भर दिला नाही. त्यांनी प्रत्येक रुग्णालयात एक डॉक्टर नेमला, शक्यतो अतिदक्षता विभागातलाच, अर्धवेळ आणि थेट रुग्णालयाच्या प्रमुखाला जबाबदार. अतिदक्षता विभागातला प्रत्येक मृत्यू तपासून दान शक्य होते का, विचारले गेले का, नसेल तर का नाही, याची नोंद ठेवणे हे त्याचे काम. अशी नोंद महिनोन्‌महिने ठेवली की कुठे गळती होते, ते विभागाला स्वतःलाच दिसू लागते.

आपल्या देशात २०२३ साली १,०९९ मरणोत्तर दाते नोंदले गेले, म्हणजे दहा लाखांमागे एकही नाही. महाराष्ट्राचे त्यात १४८ होते आणि तेलंगणाचे २५२. तेलंगणाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी आहे. २०१३ पासून तिथे ‘जीवनदान’ कार्यक्रम चालतो आणि हैदराबादच्या निम्स संस्थेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. जी. स्वर्णलता यांनी तो बांधला. तमिळनाडूत २००८ मध्ये एका डॉक्टर दाम्पत्याने अपघातात मेंदूमृत झालेल्या आपल्या मुलाचे अवयव आपणहून देऊ केले आणि त्या राज्याचा सगळा कारभारच बदलला. मेंदूमृत्यू जाहीर करण्याचे आदेश निघाले, प्रतीक्षायादी एक झाली. या राज्यांकडे पाहून वाईट वाटण्यापेक्षा, त्यांनी केलेले इथेही करता येण्यासारखे आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

कोल्हापूरला वैद्यकीय नेतृत्वाची परंपरा नवी नाही. आज ज्याला सीपीआर आणि जुनी माणसे ‘थोरला दवाखाना’ म्हणतात, ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय संस्थानी काळात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक कोल्हापूर संस्थानाने याच दवाखान्याच्या स्त्री विभागावर केली होती. क्षयाने त्यांना गाठले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी तिथे काम केले. घरातली बाई दवाखान्यात न्यायला जो समाज कचरत होता, तो एका डॉक्टरबाईच्या शब्दावर उंबरा ओलांडू लागला. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि शस्त्रक्रियेची धास्ती घेतलेल्या खेड्यापाड्यांतली माणसे बैलगाड्यांतून तिथे येऊ लागली. या भागातल्या लोकांनी नवी वैद्यकीय कल्पना स्वीकारली ती नेहमी ओळखीच्या डॉक्टरच्या तोंडून. मेंदूमृत्यूची कल्पनाही त्याच मार्गाने जाणार.

कोल्हापुरातून अवयव निघतो तेव्हा काळाचा हिशोब कडक असतो. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवे. यकृताला बारा तासांच्या आसपास मुभा असते, मूत्रपिंडाला चोवीस तास आणि थोडे अधिकही. पुणे सुमारे २३० किलोमीटरवर. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार टोलनाके, खंबाटकीचा घाट, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या चार जिल्ह्यांचे पोलीस. ग्रीन कॉरिडॉर म्हणजे या चारही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांनी एका रुग्णवाहिकेसाठी रस्ता मोकळा ठेवणे. हृदयासाठी मात्र उजळाईवाडीच्या विमानतळाचाच विचार करावा लागतो. म्हणून सहा तासांच्या अंतरातली दुसरी चाचणी रात्री दोनला येणार असेल तर ती सकाळी राउंडच्या वेळी करू, असे म्हणून चालत नाही.

रुग्णालयात या कामाची धुरा घेणाऱ्या डॉक्टरला वैद्यकीय ज्ञानापलीकडे बरेच काही सांभाळावे लागते. अपघाताची केस असेल तर पोलीस ठाण्याचे ना-हरकत पत्र, पंचनामा आणि शवविच्छेदन आलेच. अवयव काढतानाच न्यायवैद्यक डॉक्टर हजर राहिला तर घरच्यांचे अनेक तास वाचतात. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन न करण्याची जुनी प्रथा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये सैल केली. खून, आत्महत्या यांसारखी संशयास्पद प्रकरणे वगळता, सोय असलेल्या रुग्णालयात ते रात्रीही करता येते, आणि अवयवदानाच्या प्रकरणांना प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ही माहिती पोलीस हवालदारापर्यंत आणि रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत आधीच पोचलेली असावी लागते. प्रसंग आल्यावर पोचवून उपयोग नाही.

बिलाचा प्रश्नही तसाच. दानासाठी देह सांभाळण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडता कामा नये, असे नियम सांगतात. होकार मिळाल्याच्या घटकेपासून बिलाची घडी वेगळी, हे रुग्णालयाच्या कॅश काउंटरवरच्या माणसाला माहीत असायला हवे. एका चुकीच्या पावतीने गावभर होणारी बदनामी दहा व्याख्यानांनी भरून निघत नाही.

आणि मग ती बाहेरच्या बाकड्यांवरची भेट. अनुभवी डॉक्टर दोन गोष्टी एकत्र सांगत नाहीत. आधी मृत्यू झाल्याचे, स्पष्ट शब्दांत. ‘फारशी आशा नाही’, ‘मशीनवर आहेत’ असे गुळमुळीत बोलले तर घरच्यांच्या मनात आशा राहते आणि पुढची विनंती त्यांना क्रूर वाटते. ते ऐकून घ्यायला, रडायला, गावाकडे फोन करायला वेळ द्यायचा. दानाची गोष्ट त्यानंतर, समन्वयकासोबत. सही कायद्याने पत्नीची, पतीची, आईवडिलांची, मुलांची किंवा भावंडांची असली तरी शेतकरी कुटुंबात थोरले चुलते, मामा, कधी गावचे सरपंच यांच्याकडे नजर वळते. त्यांना डावलून घेतलेली सही टिकत नाही. त्यांना आत नेऊन ॲप्निया टेस्ट दाखवली की अनेकदा तेच बाहेर येऊन बाकीच्यांना समजावतात. प्रेत विद्रूप होईल का, पुढच्या जन्मी अवयव कमी पडेल का, दिवस घालायला उशीर होईल का, हे प्रश्न गंभीरपणे ऐकून घेणे हाही वैद्यकीय कामाचाच भाग. टाके व्यवस्थित घालून देह परत दिला जातो आणि मृत्यूची वेळ दुसऱ्या चाचणीची धरली जाते, एवढे उत्तर बहुतेकांना पुरते. नकार आला तर तोही तितक्याच आदराने घ्यायचा.

या सगळ्याची गरज किती आहे, हे एका आकड्यात दिसते. १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदल्या गेलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची होती आणि ६,९४५ स्त्रियांची. दुसऱ्या बाजूला जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त : आई, बायको, बहीण. डायलिसिसवर असलेल्या मुलासाठी आई पुढे येते. आईची वेळ येते तेव्हा ती ‘माझं काय आता’ म्हणते. मरणोत्तर दानातून येणारा अवयव प्रतीक्षायादीवरच्या क्रमाने जातो, त्याला घरातल्या उतरंडीशी देणेघेणे नसते. मरणोत्तर दान वाढले तर सर्वांत आधी सुटका होईल ती या बायकांची, आणि एवढ्या एका कारणासाठीही हा कार्यक्रम प्रत्येक जिल्ह्यात उभा राहायला हवा. २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रतीक्षायादीत नाव नोंदवण्यासाठीची रहिवासाची अट, शुल्क आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली, त्यामुळे सीमाभागातल्या रुग्णांनाही पुण्यात नाव नोंदवता येते.

अवयवदान जमले नाही तरी डॉक्टरचे विचारणे वाया जात नाही. हृदय थांबल्यावरही सहा तासांच्या आत डोळे आणि त्वचा देता येते. मेंदूमृत्यूची अट तिथे नाही, मृत्यू घरी झाला तरी चालतो. देशातली पहिली त्वचापेढी २००० मध्ये शीव रुग्णालयातच डॉ. माधुरी गोरे यांनी सुरू केली. मांड्या आणि पाठ इथून त्वचेचा फक्त वरचा पातळ थर घेतात, रक्त येत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली त्वचा पाच वर्षांपर्यंत भाजलेल्या रुग्णांच्या कामी येते. नेत्रपेढीचा आणि विभागीय केंद्राचा फोन नंबर कॅज्युअल्टीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला असावा, रात्रपाळीच्या नव्या निवासी डॉक्टरला तो पहिल्याच दिवशी दाखवला जावा, आणि दर महिन्याच्या मृत्यू-आढावा बैठकीत त्यावर किती वेळा फोन केला गेला, हे विचारले जावे. ही व्यवस्था बसवायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. विभागप्रमुखाची सही पुरते.